सब्र धावतो तेव्हा

२५ एप्रिल २०१९ रोजी सुफिया खान ही तरुणी श्रीनगरहून धावत निघाली आणि २१ जुलै रोजी कन्याकुमारीला पोहोचली. ८७ दिवसांत चार हजारांहून अधिक किलोमीटर. सरासरी काढली तर दिवसाला ४६ किलोमीटर पडतात. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते, म्हणजे रोज एक मॅरेथॉन आणि वर आणखी थोडे. आपल्या भागातल्या वाचकांना अंदाज यावा म्हणून सांगते, सकाळी वर्ध्याहून निघायचे आणि सेलू-केळझर मागे टाकत दिवस मावळायच्या आत बुटीबोरीला पोहोचायचे, साधारण तेवढी ही मजल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. असे जवळपास तीन महिने.

सुफिया मूळची अजमेरची. सोळा वर्षांची असताना वडील गेले, पुढे आईने वाढवले. दिल्लीच्या विमानतळावर नोकरी करत असताना तब्येत सांभाळावी एवढ्याच हेतूने तिने धावायला सुरुवात केली. २०१८ मध्ये दिल्ली-आग्रा-जयपूर हा सुमारे ७२० किलोमीटरचा त्रिकोण तिने १६ दिवसांत पूर्ण केला, मग नोकरी सोडून काश्मीर ते कन्याकुमारी. या धावेला तिने माणुसकी, एकता, शांतता आणि समता असे चार शब्द दिले होते. त्यांची इंग्रजी आद्याक्षरे जोडली की ‘होप’ हा शब्द तयार होतो, म्हणजे उमेद. गिनीज बुकात या धावेची नोंद झाली.

आता रमजानच्या पानावर ही गोष्ट का, असे कोणी विचारेल. त्या वर्षी आपल्याकडे रमजानचा महिना ७ मे रोजी सुरू झाला आणि ५ जूनला ईद झाली. म्हणजे तो अख्खा महिना सुफिया रस्त्यावर होती. तिने रोजे धरले होते का, हा प्रश्न लगेच अनेकांच्या ओठावर येईल, तो गिळून टाकावा. मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. सुटलेले रोजे नंतर भरून काढायचे, त्याला कजा म्हणतात. रोजा हा बंदा आणि अल्लाह यांच्यातला मामला आहे. शेजारच्या घरातल्या सुनेचा रोजा आहे की नाही, याची मोजदाद करणारी माणसे आपल्या मोहल्ल्यांतून कमी नाहीत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

यानंतरची धाव अधिक मोठी होती. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता आणि परत दिल्ली हा सुवर्ण चतुष्कोन. १६ डिसेंबर २०२० ला सुरुवात आणि ६ एप्रिल २०२१ ला शेवट. अंतर ६००२ किलोमीटर, वेळ ११० दिवस २३ तास २४ मिनिटे. या मार्गातला मोठा पट्टा आपल्या महाराष्ट्रातून, मुंबई-पुणे-सातारा-कोल्हापूर असा जातो. करोनाची पहिली लाट ओसरत होती आणि दुसरी चढत होती, असे ते दिवस. त्याच वर्षी मनाली ते लेह हा जेमतेम श्वास पुरणारा रस्ता तिने साडेसहा दिवसांत धावून काढला. २०२३ च्या जानेवारीत कतार देश दक्षिणेकडून उत्तरेकडे ३१ तासांच्या आत पार केला.

मॅरेथॉनपेक्षा लांब पल्ल्याच्या कोणत्याही धावेला ‘अल्ट्रा’ म्हणतात. ती ५० किलोमीटरची असेल, १०० ची असेल, नाहीतर अंतर मोकळे सोडून घड्याळ बांधलेले असेल, म्हणजे २४ तासांत, ४८ तासांत किंवा सहा दिवसांत जमेल तितके धावा. जपानच्या मिहो नाकाता हिने डिसेंबर २०२३ मध्ये तैपेईच्या जागतिक स्पर्धेत २४ तासांत २७० किलोमीटरहून अधिक अंतर कापले. रेल्वेच्या हिशेबाने वर्ध्याहून मुंबईकडे निघालो तर एवढ्या अंतरात आपण मलकापूरच्या आसपास असतो. माझ्या वर्गात हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून एक आवाज आला, “मॅडम, पॅसेंजरलाही तेवढाच वेळ लागतो.” वर्ग हसला. मीही हसले.

बाईच्या पायांना हा रस्ता सहज मिळालेला नाही. १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना पहिल्यांदा ८०० मीटर धावू दिले. शर्यत संपल्यावर काही जणी दमून बसल्या, एवढ्याचा बाऊ झाला आणि ‘हे बायकांच्या प्रकृतीला झेपणार नाही’ म्हणून ती शर्यतच बंद केली. ती परत आली १९६० मध्ये. पुरुषही शर्यतीनंतर दमून पडतात, पण त्याला जिद्द म्हणतात. स्त्रियांची ऑलिंपिक मॅरेथॉन सुरू व्हायला १९८४ उजाडले. त्याच लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आपल्या पी. टी. उषाचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले, हे आपल्याला पाठ आहे. ती शर्यत जिंकली कोणी, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. मोरोक्कोच्या नवाल अल मुतवक्किलने. ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली अरब मुस्लिम स्त्री.

अल्ट्राच्या जगातली सर्वांत जुनी आणि मानाची धाव म्हणजे दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स, डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग यांच्यामधली सुमारे नव्वद किलोमीटरची. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सोबत्यांच्या आठवणीत १९२१ मध्ये ती सुरू झाली. पीटरमॅरिट्झबर्ग हे नाव वर्धेकरांना नवे नाही. याच गावाच्या स्टेशनावर १८९३ मध्ये मोहनदास गांधी नावाच्या तरुण वकिलाला गाडीतून उतरवले गेले होते. तर १९२३ मध्ये फ्रान्सिस हेवर्ड या बाईने या धावेसाठी नाव दिले. बाई म्हणून नाव नाकारले गेले. ती तशीच धावली आणि साडेअकरा तासांत पोहोचली. पदक मिळणे शक्यच नव्हते, तेव्हा बघ्यांनी आणि सोबतच्या धावपटूंनी वर्गणी काढून तिला चांदीचा चहाचा संच दिला. स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना अधिकृत प्रवेश मिळाला तो १९७५ मध्ये, एकाच वर्षी. दोघांना बाहेर ठेवणारा दरवाजा एकच होता, हे त्यातून कळते. आज त्या धावेत गेर्डा स्टेन ही दक्षिण आफ्रिकेचीच धावपटू पावणेसहा तासांच्या आसपास पोहोचते. हेवर्डच्या निम्म्या वेळात.

आणि मग अशा गोष्टी घडू लागल्या की जाणकारही बुचकळ्यात पडले. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या मोआब इथल्या सुमारे ३८० किलोमीटरच्या धावेत कोर्टनी डॉवॉल्टर पहिली आली. बायकांत नव्हे, सगळ्यांत. दुसरा आलेला पुरुष तिच्यानंतर दहा तासांनी पोहोचला. ही बाई आधी शाळेत विज्ञान शिकवायची. २०१९ मध्ये ब्रिटनच्या पेनाइन वेवर ४३१ किलोमीटरची हिवाळी धाव जॅस्मिन पॅरिसने ८३ तासांत, सगळ्या पुरुषांच्या पुढे पूर्ण केली. घरी चौदा महिन्यांची लेक होती, म्हणून वाटेतल्या थांब्यांवर ती दूध काढून ठेवत होती. याच जॅस्मिनने मार्च २०२४ मध्ये टेनेसीच्या जंगलातली बार्कली ही धाव पूर्ण केली. ही धाव पुरी करणारी ती पहिली स्त्री. तिथे साठ तासांची मुदत असते. जॅस्मिन पोहोचली तेव्हा मुदतीतली ९९ सेकंदे उरली होती. पोहोचताच ती फाटकाला धरून खाली कोसळली. तो फोटो जगभर गेला. १९२८ साली अशाच एका फोटोवरून शर्यत बंद झाली असती.

असे का घडते, यावर बरेच लिहिले जाते. मॅरेथॉनमध्ये अव्वल स्त्री आणि अव्वल पुरुष यांच्यात साधारण दहा टक्क्यांचे अंतर राहते. पल्ला शंभर-दोनशे मैलांचा झाला की ते आक्रसत जाते, कधीकधी मिटते. स्त्रीचे शरीर चरबी इंधन म्हणून चांगले वापरते, स्नायू उशिरा थकतात, आणि मुख्य म्हणजे बायका सुरुवातीला उगाच जोर लावत नाहीत, वेग सांभाळतात, अशी कारणे दिली जातात. २०२० मध्ये आलेल्या एका मोठ्या आकडेवारीने तर १९५ मैलांच्या पुढे स्त्रिया किंचित वेगवान ठरतात, असे मांडले. मला हा निष्कर्ष जरा घाईचा वाटतो. एवढ्या लांबच्या धावेला नाव देणाऱ्या स्त्रिया मोजक्याच, आणि त्या आधीच चाळणीतून गाळून आलेल्या असतात. पुरुष मात्र हौसे, नवसे, गवसे सगळेच येतात. तेव्हा ‘बाई पुरुषापेक्षा श्रेष्ठ’ अशी दवंडी पिटण्याची गरज नाही. बायकांना झेपणार नाही, हे मात्र खोटे ठरले आहे.

‘सब्र’ या शब्दाचा अर्थ आपण सहन करणे, गप्प बसणे असा लावून ठेवला आहे. बायकांच्या बाबतीत तर हमखास. ‘सब्र कर बेटी’ म्हणजे सासरचे ऐकून घे. अरबीत या धातूच्या मुळाशी स्वतःला बांधून ठेवणे, आवरून धरणे असा भाव आहे, आणि त्यात टिकून राहणे येते, निमूट बसणे नव्हे. याचा सर्वांत मोठा दाखला एका धावणाऱ्या बाईचाच आहे. हजरत हाजरा. उजाड दरीत तान्हे मूल तहानेने तळमळत होते, जवळचे पाणी संपले होते. त्या माउलीने दुआ करत एका जागी बसून राहणे पत्करले नाही. सफा टेकडीवरून मरवाकडे, मरवावरून सफाकडे अशा सात फेऱ्या तिने धावत मारल्या. जमजमचा झरा त्यानंतर फुटला. आजही हज किंवा उमरा करणाऱ्या प्रत्येकाला, मग तो बादशहा असो की हमाल, या बाईच्या पावलांवरून ‘सई’ करावी लागते. दोन टेकड्यांमधले अंतर साधारण साडेचारशे मीटर, सात फेऱ्यांचे मिळून तीन किलोमीटरच्या वर. गंमत अशी की आज सईमध्ये हिरव्या दिव्यांच्या टप्प्यात पुरुषांनी पावले झपाझप टाकायची असतात आणि स्त्रिया चालत जातात. ही बायकांना दिलेली सवलत आहे, मला मान्य आहे. पण त्या वाटेवर पहिल्यांदा कोण धावले, हे विसरू नये. आणि पैगंबरसाहेबांनी हजरत आयशांबरोबर धावण्याची शर्यत लावल्याची, एकदा त्या जिंकल्याची आणि पुढे कधी ते जिंकल्याची हदीस आपल्या घरांत फारशी सांगितली जात नाही. वाजातही मी ती क्वचितच ऐकली आहे.

आपल्या जिल्ह्यालाही बायकांच्या लांब पल्ल्याची परंपरा आहे, धावण्याची नसली तरी चालण्याची. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांनी १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले, ते स्त्रियांसाठी. विनोबांच्याच प्रेरणेने १९६७ मध्ये चार स्त्रिया लोकयात्रेला निघाल्या. बारा वर्षे पायी. गावोगावी मुक्काम, तिथे मिळेल ते खाणे, बायकांशी बोलणे, आणि पुढचे गाव. सोबत पुरुष नाही, हातात पैसा नाही. त्या काळी कोणी किलोमीटर मोजले नाहीत आणि गिनीजवाल्यांनाही बोलावले नाही, त्यामुळे विक्रमांच्या यादीत हे कुठे दिसत नाही. समुद्रपूर तालुक्यात गिरडच्या टेकडीवर बाबा फरीद यांच्या दर्ग्याला येणाऱ्यांत हिंदू-मुस्लिम दोन्ही घरांतल्या बायका असतात. नवसासाठी अनवाणी चढणाऱ्या कित्येक आहेत. नवसासाठी चाललेले समाजाला चालते. स्वतःच्या आनंदासाठी धावणे खटकते.

मग पुढचा मुद्दा येतो तो कपड्यांचा. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबईच्या क्रांती साळवी यांनी बर्लिन मॅरेथॉन नऊवारी नेसून चार तासांच्या आत पूर्ण केली आणि साडीतल्या सर्वांत वेगवान मॅरेथॉनचा विक्रम आपल्या नावावर केला. आपल्या बुलडाणा जिल्ह्यातून पोटासाठी बारामतीला गेलेल्या लता भगवान करे यांनी तर नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवे म्हणून साठी उलटल्यावर तिथली ज्येष्ठांची शर्यत धावली. नऊवारी लुगडे, अनवाणी पाय. जिंकल्याही. त्यांच्यावर २०२० मध्ये चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांच्या कामाची खास दखल घेतली गेली. डॉवॉल्टर गुडघ्यापर्यंतची ढगळ विजार घालून धावते, कारण तिला तेच बरे वाटते. लंडन ऑलिंपिक २०१२ मध्ये ऐन रमजानात झाले. सौदी अरेबियाने पहिल्यांदाच स्त्रिया पाठवल्या होत्या. त्यातली सारा अत्तार डोके झाकून, पूर्ण बाह्यांच्या कपड्यांत ८०० मीटर धावली. सगळ्यांच्या मागे, अर्ध्या मिनिटाने पोहोचली. मैदान उभे राहून टाळ्या वाजवत होते. चार वर्षांनी रिओमध्ये ती मॅरेथॉन धावली. तेव्हा काय घालून धावायचे हे धावणारीला ठरवू द्यावे. हिजाब काढा म्हणणारे आणि हिजाब घातल्याशिवाय बाहेर पडू नका म्हणणारे, दोघेही सकाळी पाचला मैदानावर कधी आलेले मी पाहिले नाहीत.

साराची वेळ होती २ मिनिटे ४४ सेकंद. हे मी वर्गात सांगितले तेव्हा मुलींनी लगेच हिशेब केला, पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटरसाठी २ मिनिटे ५० सेकंदांच्या आत आले की पूर्ण वीस गुण. म्हणजे ऑलिंपिकमध्ये शेवटची आलेली आपल्याकडे पहिल्या झटक्यात भरती! ज्या मुलींना हे आकडे तोंडपाठ आहेत, त्या शेतमजुरांच्या, ऑटोवाल्यांच्या, पंक्चरवाल्यांच्या मुली आहेत. पहाटे अंधारात हायवेच्या कडेने धावणाऱ्या मुली आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग आपल्या जाम-हिंगणघाटवरूनच जातो. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात, तरी या धावतात, कारण मैदान लांब असते किंवा त्यावर मुलांचे क्रिकेट असते.

त्यांच्यात मुस्लिम मुली किती? मी शिकवते त्या परिसरात एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बारावीनंतर त्या गळतात. काहींचे लग्न ठरते, काहींना ‘कॉलेज ठीक आहे, मैदान नको’ असे सांगितले जाते. गेल्या काही वर्षांत दोन-तीन मुली माझ्याकडे येऊन म्हणाल्या, “मॅडम, अब्बूंना तुम्ही सांगा ना.” एका अब्बूंना मी सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आपा, दौडने में बुराई नहीं. लोग देखते हैं, वह बुरा है.” मी त्यांना म्हटले, मग लोकांना सांगू या ना, मुलीला का? ते हसले. पुढच्या आठवड्यात मुलगी मैदानावर आली, दोन फेऱ्या मारेपर्यंत अब्बू स्कूटर लावून फाटकाशी उभे. मला त्यात पहारा दिसला नाही, सोबत दिसली.

आमच्या बायका घरात रोजच अल्ट्रा मॅरेथॉन धावतात, असे भाषणांत म्हटले की टाळ्या मिळतात. पहाटे तीनला उठून सहेरी, दिवसभर रोजा, चारपासून ओट्यापुढे भजी-समोसे आणि शरबत, घरच्यांची इफ्तार झाली की तरावीहपर्यंत भांडी. मेहनत खरीच आहे. पण ही उपमा मला पटत नाही. धावणारी स्वतः निवडते, थांबावेसे वाटले तर थांबू शकते, आणि शेवटी तिच्या नावावर वेळ लिहिली जाते. ओट्यापुढच्या बाईला यातले काहीच मिळत नाही. तिचे कौतुक करण्यापेक्षा घरातल्या मुलाने कांदा चिरायला घ्यावा.

या महिन्यात मैदान पूर्ण बंद ठेवायचे का, असे मुली विचारतात. जगभरचे मुस्लिम धावपटू रमजानातही सराव चालू ठेवतात, फक्त वेळ आणि जोर बदलतात. इफ्तारच्या अर्धा-पाऊण तास आधी हलके धावावे, म्हणजे लगेच पाणी पिता येते. जोराचा सराव करायचाच असेल तर इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी. भर दुपारी विदर्भाच्या उन्हात मुळीच नाही. अंतर या महिन्यात वाढवू नये, आहे ते टिकवावे. सहेरीत नुसता चहा-पाव खाऊन भागत नाही. भाकरी, दही, अंडे, डाळ असे पोटात राहणारे हवे, आणि इफ्तार ते सहेरी या वेळात पाणी थोडे थोडे, पण भरपूर. मासिक पाळीच्या दिवसांत रोजा नसतो, त्याची कजा नंतर. त्या दिवसांत चोरून, उपाशी राहण्याची पद्धत मुलींनी सोडावी आणि घरच्यांनी त्यांना ती सोडू द्यावी. सर्वांत आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले आहे. चक्कर आली म्हणून मैदान सोडलेल्या मुलीला बहुधा जिद्द कमी पडलेली नसते, लोह कमी पडलेले असते. गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

ईद झाली की पुढच्या सोमवारपासून आमच्या मैदानावर पहाटे साडेपाच ते साडेसहा हा एक तास फक्त मुलींसाठी ठेवायचे ठरले आहे. क्रिकेटवाल्या मुलांशी बोलणे झाले आहे, थोडी कुरकुर करून का होईना, ते साडेसहानंतर यायला तयार आहेत. चुन्याने आखलेल्या ट्रॅकची एक फेरी दोनशे मीटरची आहे. चार फेऱ्या म्हणजे आठशे. सध्या नऊ नावे आली आहेत, त्यातली तीन मुस्लिम मुलींची.